गडग्यावरचा बोका आणि आपलं मांजर: नसबंदी, रात्रीची कडी की पडवीला जाळी?

रात्री दोन-अडीचला मागीलदारी तान्हं मूल रडावं तसा आवाज सुरू होतो, पाठोपाठ घमेलं कोसळतं, आणि सकाळी आपलं मांजर माळ्यावर दडून बसलेलं असतं. गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवरून, आलेल्या भटक्या बोक्याशी झालेली ही मारामारी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराने हे भोगलंय. मग प्रश्न येतोच: ऑपरेशन करून घ्यावं, रात्री कोंडावं, की पडवीला जाळी मारावी? माझ्याकडे दोन मांजरं आहेत आणि हे तिन्ही उपाय मी केलेत.

आधी हे थांबवणं का गरजेचं आहे ते सांगते. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. जखमेचं तोंड दिवसभरात मिटतं आणि घाण आत राहते. आमच्या बोक्याच्या शेपटीच्या मुळाशी मला फक्त चार केस चिकटलेले दिसले होते. चौथ्या दिवशी तिथे लिंबाएवढी गाठ आली. हात लावला तर गरम, आणि फुटली तेव्हा वासाने पडवीत उभं राहवेना. डॉक्टरांनी पू काढला, प्रतिजैविकं दिली, तो वाचला. पण चाव्यातून मांजरांमधला एफआयव्ही हा प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणूही पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराला एकदा झाला की जात नाही. रेबीजची भीती वेगळीच. म्हणून कुठलाही उपाय निवडा, लसीकरण त्याच्या आधी.

माझ्या मते सुरुवात नसबंदीपासूनच करावी. बोका भांडतो तो मुख्यतः माद्यांसाठी आणि हद्दीसाठी. खच्चीकरण झालं की बहुतेक बोक्यांचं भटकणं, खांबांवर मूत फवारणं आणि भांडणं बरीच कमी होतात. मात्र हे लगेच होत नाही, अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून हातपाय गाळू नका. मादी असेल तर घाई जास्त: ती पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते, आणि मग गावातले सगळे बोके तुमच्या अंगणात. ऑपरेशननंतर तिला आठ-दहा दिवस घरातच ठेवावं लागतं. खर्च एकदाच होतो, पण तालुक्याचे दवाखाने मुख्यतः गुरांसाठी असतात. मांजराचं ऑपरेशन तिथे होतं का, हे आधी फोन करून विचारा. पिशवीत मांजर घेऊन एसटीने जायचं आणि तसंच परतायचं, यात त्या जिवाचे फार हाल होतात.

पण नसबंदी केलेलं आपलं मांजर शांत झालं तरी गडग्यावरचा बोका शांत होत नाही. तिथे रात्रीची कडी उपयोगी पडते. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त फिरतात, आणि आमच्याकडची बहुतेक भांडणं तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतचीच. दिवेलागणीला हाक मारून जेवायला घालायचं आणि दार लावायचं, एवढंच. पैसा लागत नाही. बिबट्या आणि गडग्यातली घोणस यांपासूनही मांजर वाचतं. अडचण आपल्या कौलारू घरांची आहे: भिंत आणि वाशांच्या फटीतून मांजर सहज बाहेर जातं. सगळं घर बंद करण्याच्या नादी लागू नका, छत असलेली एकच खोली निवडा. आत पाणी आणि रेतीचा ट्रे ठेवा. पहिले चार-पाच दिवस ते ओरडेल. तेव्हा दार उघडलंत तर ओरडलं की दार उघडतं हेच ते शिकेल.

जाळी सर्वांत महाग आणि सर्वांत खात्रीची. पण ती कशाची, यावर सगळं अवलंबून आहे. कोंबड्यांची साधी लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. आमची दुसऱ्या पावसाळ्यात खालून गंजली आणि बोका थेट पडवीत आला. मासेमारीचं जुनं जाळं फुकट मिळतं, पण तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचं, बारीक जाळं चुकूनही लावू नका, नखं आणि मान अडकते. जाड पिळाच्या दोऱ्याचं, लहान आसाचं (भोकांचं) जाळं चालतं, फक्त दर महिन्याला फाटलंय का ते हाताने तपासावं लागतं. जाळीतून बोका दिसत राहिला तरी आपलं मांजर बिथरतं आणि तो राग घरातल्या दुसऱ्या मांजरावर, कधी आपल्या पायावर काढतं. खालची दोन फूट गोणपाटाने झाका.

चौथा उपाय लोक हमखास सांगतात: बोक्याला पोत्यात घालून लांब सोडून ये. हा मला मान्य नाही. अन्नाची जागा तशीच राहिली की दुसरा बोका येतो. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. मी काठी उगारली तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "कित्याक मारतस गो त्येका? तो पोटासाठीच येता." ते खरंच होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बंदरावरची खवलं-डोकी मिळत नाहीत, तेव्हा आमच्याकडे भटक्यांची गर्दी वाढते. रात्री मांजराची थाळी पडवीत ठेवायची नाही, आणि माशांची घाण माडाच्या आळ्यात वरवर टाकण्याऐवजी हातभर खोल पुरायची, या दोन गोष्टींनी आमच्याकडे निम्मी ये-जा थांबली. खांबावरचं मूत गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. फिनेल मांजरासाठी विषारी आहे, डांबराच्या गोळ्याही.

म्हणून आधी नसबंदी, त्याच दिवसापासून रात्रीची कडी. दोन महिन्यांनीही तोच बोका मारत असेल, किंवा मांजर म्हातारं किंवा आजारी असेल, तरच जाळीचा खर्च करा. आणि शेजारी मिळून त्या बोक्याचीच नसबंदी करणार असाल तर जाळीपेक्षा तेच बरं. आठवडाभर एकाच जागी बांगड्याचं डोकं ठेवा, मग तिथे पिंजरा लावा. ऑपरेशनच्या वेळी कानाचं टोक कापून खूण करायला सांगा, म्हणजे पुन्हा कुणी त्याला धरणार नाही.

भांडण जुंपलेलं असताना मध्ये हात घालू नका. तांब्याभर पाणी फेका, ताट वाजवा. मांजर चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात जा, मांजर घरचं असलं तरी.