जयश्री गडकर की रंजना : आधी कोणाची कारकीर्द पाहावी?

मराठी चित्रपटातील एखाद्या अभिनेत्रीची कारकीर्द सुरुवातीपासून ओळीने पाहायची, असे मनावर घेतलेल्या माणसापुढे बहुधा दोन नावे येऊन थांबतात : जयश्री गडकर आणि रंजना. दोघींची ओळख करून देण्याची गरज नाही. सवड मोजकी असताना आधी कोणाकडे वळावे, एवढाच प्रश्न आहे. मी दोन्ही बाजूंचे बरेचसे पाहून माझ्यापुरती निवड केली आहे. माझा कल पुढे लपणार नाही, पण तो शेवटचा शब्द मानू नये.

रंजना यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. 'चानी' (१९७७) मधली, गोऱ्या बापाचे रक्त घेऊन कोकणात जन्मलेली आणि गावाने दूर लोटलेली पोर, पाठोपाठ 'सुशीला' (१९७८), मग 'अरे संसार संसार' (१९८१) मधली तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची शेतकरीण आणि त्याच वर्षी 'गोंधळात गोंधळ'सारखा निखळ विनोदी चित्रपट. इतक्या थोड्या काळात इतकी निरनिराळी कामे पेलणारी दुसरी मराठी नायिका मला तरी चटकन आठवत नाही. १९८७ च्या अपघाताने त्यांची चित्रपटांतली वाटचाल थांबवली. त्यामुळे पाहण्याजोगे काम एका पावसाळ्यात आरामात पाहून होते, आणि निवड करणाऱ्याला ही सोय मोठी वाटणे स्वाभाविक आहे.

जयश्रीबाईंचे तसे नाही. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मधल्या समूहनृत्यातून सुरुवात करून त्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) पर्यंत पोहोचल्या. तो चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला आणि निर्मात्यांना तमाशापटाचा जणू साचाच सापडला. फड, पाटील, ढोलकी, शेवटी पश्चात्ताप! या साच्यातले चित्रपट एकामागोमाग पाहिले की कंटाळा येतो, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांना पुनरावृत्ती सोसत नाही, त्यांनी इथेच रंजना यांच्याकडे वळले तरी मी हरकत घेणार नाही.

माझा निर्णय मात्र एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासाने झाला. रंजना यांच्या विनोदी चित्रपटांच्या ज्या प्रती माझ्या हाती आल्या, त्यांपैकी बहुतेकांत आवाज आणि ओठ यांची फारकत झालेली होती. फरक असा किती, कदाचित निमिष दोन निमिषांचा. गंभीर प्रसंगात तो खपूनही गेला असता. पण रंजना यांचे बलस्थान आहे ते संवादाच्या फेकीत. अशोक सराफ वाक्य टाकतात, त्या क्षणभर नुसत्या बघत राहतात आणि मग उत्तर असे अंगावर येते की हसू आवरत नाही. हा मधला क्षणच सगळी किमया करतो. ध्वनी मागेपुढे झाला की तोच नेमका मारला जातो : ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो आणि विनोदाची फोडणी करपते. 'बिनकामाचा नवरा' (१९८४) पाहताना घरातली मंडळी एकेक करून उठून गेली, आणि त्यात रंजना यांचा काडीमात्र दोष नव्हता.

जयश्रीबाईंच्या प्रती काही अधिक चांगल्या नसतात. खरखर आणि ओरखडे तिथेही असतात, आणि गाण्यांत ओठ चुकतातच. तरी त्यांचे काम शाबूत राहते, कारण ते डोळ्यांत, मानेत आणि पावलांत आहे. 'बुगडी माझी सांडली गं' मध्ये आशाबाईंचा आवाज जरा मागे पडला, तरी लाडिक तक्रारीचा तो चेहरा पूर्ण पोहोचतो. 'साधी माणसं' (१९६५) मध्ये 'ऐरणीच्या देवा' चालू असताना लोहाराची बायको कामात इतकी बुडालेली दिसते की ही फडावरची तीच नायिका आहे हे विसरायला होते. मी एकदा आवाज पार बंद करून ते गाणे पाहिले; फारसे काही हरवले नाही.

साच्याविषयीची तक्रारही थोडी सौम्य करावी लागते. 'सांगत्ये ऐका' आणि 'मानिनी' (१९६१) हे दोन्ही चित्रपट दिग्दर्शक अनंत माने यांचेच, पण दुसऱ्यात फडाचा मागमूस नाही. श्रीमंत माहेर आणि गरीब सासर यांच्या कात्रीत सापडलेली स्वाभिमानी बाई तिथे दिसते. विशेष म्हणजे 'सुशीला'ही मान्यांचीच, आणि 'मानिनी'त गाणे होऊन आलेल्या बहिणाबाईंच्या ओळीवरूनच पुढे 'अरे संसार संसार'ला नाव मिळाले. म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट आयतीच तयार आहे.

म्हणून माझ्या मते आधी 'साधी माणसं', मग 'मानिनी', आणि लोकप्रियतेचे मूळ समजून घ्यायचे तर तिसरा 'सांगत्ये ऐका'. त्यानंतरचे तमाशापट गाण्यांपुरते पाहिले तरी चालावेत. रंजना यांच्यापासूनच सुरुवात करायची असेल, तर 'चानी' किंवा 'सुशीला' निवडावा, कारण तिथे ध्वनीची चूक तितकी बोचत नाही. विनोदी चित्रपट लावण्याआधी मात्र मधल्या एखाद्या भांडणाचा प्रसंग काढून ओठ आणि शब्द जुळतात का, ते पाहून घ्यावे.