सभाधीट व्हायचंय: कार्यशाळा, क्लब की हौशी नाटक?

चारचौघांत बोलायला कुठे शिकावं असं कुणी विचारलं, की पुढचा प्रश्न हमखास फीचा असतो. मी आधी दुसरा हिशेब मांडायला सांगतो: महिन्याभरात तुम्ही प्रत्यक्ष किती वेळा उभे राहणार? घशाला कोरड, हातातला थरथरणारा कागद, छातीतली धडधड हा सगळा अॅड्रिनलिनचा खेळ. बहुतेकांना तो सुरुवातीच्या मिनिटा-दोन मिनिटांतच जास्त छळतो. तो ओसरतो हे पुस्तकात वाचून डोक्याला कळतं, पण शरीराला पटायला दहा-पंधरा वेळा उभं राहावंच लागतं.

त्या हिशेबात शनिवार-रविवारची कार्यशाळा मार खाते. समजा वीस जण आहेत आणि दोन दिवसांचे मिळून बारा तास. त्यातला निम्मा वेळ शिकवणाऱ्याचा. उरलेल्या सहा तासांत प्रत्येकाच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात, तीही चहाला उशीर झाला नाही तर. तरी तिचा एक फायदा मी नाकारत नाही: भाषणाची बांधणी झटपट कळते आणि स्वतःचं चित्रीकरण पाहावं लागतं. मी दर वाक्यानंतर ‘म्हणजे’ म्हणतो, हे मला तिथेच समजलं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये माझं पुन्हा त-त-प-प.

टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची गोष्ट वेगळी. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू केलेला हा प्रकार आज पुण्या-मुंबईत नोकरदारांच्या चांगला ओळखीचा आहे. इथे शिक्षक नसतो, सभासदच एकमेकांना ऐकतात. एक जण घड्याळ धरून हिरवा, पिवळा, लाल इशारा देतो. दुसरा तुमचे ‘अं’ आणि ‘आ’ मोजतो, तिसरा दोन-तीन मिनिटांत भाषणाचं मूल्यमापन करतो. पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं, चार ते सहा मिनिटांचं. पण खरी कसोटी ‘टेबल टॉपिक्स’ची. विषय तिथल्या तिथे मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण ऑफिसात साहेब प्रश्न आधी पाठवून देत नाहीत.

उणिवाही आहेत. चोवीस सभासद आणि दर सभेला तीन भाषणं धरली, तर तयार भाषणाची पाळी आठ सभांनी येते. मधल्या काळात छोट्या भूमिका मागून घेतल्या नाहीत, तर तुम्ही नुसते टाळ्या वाजवत बसाल. शिवाय सगळे इतके प्रेमळ असतात की कौतुकाची सवय लागते. बहुतेक क्लबांचं कामकाज इंग्रजीत चालतं. ज्याला मराठीतच बोलायचंय त्याने चौकशी करूनच जावं.

हौशी नाटकाचा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. आवाजासाठी तो चोख आहे. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं, श्वास कुठे घ्यायचा, उभं कसं राहायचं, हे तालमीत घोटून घेतात. पण रंगमंचावर वाक्यं दुसऱ्याची, माणूसही दुसराच. प्रयोग छान करणारे आमचे एक काका सोसायटीच्या सभेत दोन वाक्यं धड बोलू शकत नाहीत. तालमींना महिना-दोन महिने संध्याकाळी जातात, तो वेळ असेल तरच जा.

आणि फुकटचा पर्याय कुणी मोजतच नाही: आभारप्रदर्शन. गणेशोत्सव असो की स्नेहसंमेलन, हे काम सगळे टाळतात, म्हणून मागितलं की लगेच मिळतं. बोलायचं दोन मिनिटं, श्रोत्यांचा अर्धा जीव जेवणात, चुकलं तरी कुणी लक्षात ठेवत नाही. फक्त नावं कागदावर लिहून न्या. पुढच्या वर्षी सूत्रसंचालन मागा.

सादरीकरण पंधरा दिवसांवर असेल तर क्लब उपयोगाचा नाही. कार्यशाळा घ्या किंवा मोबाइलसमोर उभ्यानं रोज एकदा पूर्ण बोला. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तोंडपाठ, मधले फक्त मुद्दे. अॅलिसन वूड ब्रुक्स यांच्या 2014 च्या अभ्यासात ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. हे मला पटतं. धडधडत्या छातीला शांत हो म्हटलं म्हणून ती ऐकत नाही. सॅविट्स्की आणि गिलोविच यांनीही 2003 मध्ये दाखवलं होतं, की आपली घालमेल आपल्याला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही; एवढं आधी सांगितलेल्यांची भाषणं चांगली झाली.

भीतीपोटी बढती नाकारण्यापर्यंत किंवा रात्र-रात्र झोप उडण्यापर्यंत वेळ आली असेल, तर यातलं काहीही निवडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉलची गोळी मित्राकडून घेऊ नका. दमेकऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते.

सहा महिने हाताशी असतील तर मी क्लबच निवडेन. पैसे भरण्याआधी दोन-तीन क्लबांत पाहुणे म्हणून बसा आणि मूल्यमापन करणारा ‘फार छान’च्या पुढे काय सांगतो ते ऐका. पाहुण्यांनाही कधी कधी टेबल टॉपिक्ससाठी बोलावतात. नाही म्हणता येतं, पण म्हणू नका.