खोका होता, बिल होतं, आयएमईआय जुळला होता. फोन मात्र पूर्णपणे विकणाऱ्याचा नव्हता

धाकट्या बहिणीसाठी वापरलेला फोन घेतला आणि फसलो. सध्या कुणी सेकंडहँड फोन बघत असेल तर हे जरूर वाचा, कारण आम्ही डोळे झाकून घेतला नव्हता. जे जे तपासा म्हणून सांगतात, ते सगळं तपासून घेतला होता.

जाहिरात ऑनलाइन दिसली. विकणारा खोका आणि चार्जर घेऊनच भेटायला आला. बोलणं साधं, घाई कसली नाही, भावातही थोडा खाली आला. मी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढला आणि १५ आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवले. दोन्ही सिमचे जुळले. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग बघितलं, आमचं सिम घालून फोन लावून बघितला. सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला. पाणी गेलं की लाल होणारी पट्टी पांढरीच होती.

दोन गोष्टी मात्र मी बघूनही सोडून दिल्या.

एक म्हणजे बिल. त्याने बिलाचा फोटो दाखवला. नाव त्याचंच, ओळखपत्रावरही तेच. पण फोटोत बिलाचा खालचा भाग आलाच नव्हता. रकमेच्या ओळीच्या जरा वरच फोटो संपत होता. दुसरी गोष्ट सेटिंगमध्ये दिसली. हा फोन एका संस्थेच्या देखरेखीखाली आहे, अशा अर्थाची एक बारीक ओळ सगळ्यात वर होती. मी विचारलं तर म्हणाला, "ऑफिसचा मेल टाकला होता ना, त्याचं राहिलंय. घरी जाऊन रिसेट मारा, जाईल." मला ते पटलं. फोन तसाही साफ केलेला होता, त्यामुळे घरी आल्यावर रिसेटही मारला नाही. बहिणीने स्वतःचं खातं टाकलं आणि वापरायला सुरुवात केली.

सहा आठवडे काहीही त्रास नाही. मग एका सकाळी ती फोन घेऊन आली, "दादा, हे काय आलंय बघ." स्क्रीनभर एकच मजकूर: हप्ता थकला आहे, फोन लॉक करण्यात आला आहे. खाली कर्ज देणाऱ्या कंपनीचा नंबर. आपत्कालीन कॉल सोडला तर काहीच चालेना. परीक्षेसाठी तिने लेक्चरची रेकॉर्डिंग करून ठेवली होती, ती सगळी आत अडकली. फोनचे पैसे तिने शिकवण्या घेऊन साठवलेले होते.

काय झालं होतं ते नंतर कळलं. फोन हप्त्यावर घेतलेला होता. अशा बऱ्याच फोनचा आयएमईआय कर्ज देणाऱ्याच्या सर्व्हरवर नोंदवलेला असतो आणि फोन इंटरनेटवरून त्या सर्व्हरशी जोडलेला राहतो. हप्ते वेळेवर जातात तोवर वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. याने फोन आम्हाला विकला, पैसे घेतले आणि हप्ते भरायचे थांबवले. फोन चोरीचा नव्हताच, म्हणून माझ्या सगळ्या तपासण्यांत तो पास झाला. नाव खरं होतं, बिल खरं होतं, फक्त कर्ज फिटलेलं नव्हतं.

कंपनीला फोन केला तर, कर्ज तुमच्या नावावर नाही, माहिती देता येणार नाही. विकणाऱ्याचा नंबर बंद. रिपेअरवाला म्हणाला, सॉफ्टवेअर मारून देतो. मारलं, पैसे घेतले, आतला डेटा तर गेलाच, आणि दोन दिवसांत तोच मजकूर परत स्क्रीनवर. दुसरा एकजण आयएमईआयच बदलून देतो म्हणाला. त्याला मी नाही म्हटलं. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि आम्हाला आणखी एका लफड्यात पडायचं नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली. चॅट आणि बिलाचा फोटो जोडला, पण जाहिरात त्याने तोवर काढून टाकली होती आणि आमच्याकडे तिचा स्क्रीनशॉट नव्हता. पैसेही रोख दिलेले. तुम्ही घेत असाल तर भेटायला जाण्याआधीच जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या.

आणि एक गोष्ट कुणी कितीही नाराज झालं तरी सोडू नका. पैसे देण्याआधी, तुमच्या डोळ्यांसमोर, विकणाऱ्याने त्याची खाती स्वतःचा पासवर्ड टाकून काढायची. मग सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट. मग वाय-फाय जोडून पहिल्यापासून सेटअप, तुमच्या खात्याने, अगदी होमस्क्रीन येईपर्यंत. आयफोनमध्ये २०१३ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, म्हणजे जुन्या मालकाच्या पासवर्डशिवाय फोन सुरूच होत नाही, अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून रिसेटनंतरही जुनं खातं मागणारं संरक्षण आहे. जुन्या मालकाचं खातं राहिलं असेल तर ते इथेच अडतं. कंपनीचं किंवा कर्ज देणाऱ्याचं नियंत्रण असेल तर तेही बहुतेक वेळा याच सेटअपमध्ये पुढे येतं, पण नेट जोडलेलं हवं. नेट न जोडता पुढे जाऊन दाखवणाऱ्याला थांबवा. बिल पूर्ण बघा, शेवटच्या ओळीपर्यंत. हप्त्याचा उल्लेख असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा.

विकणाऱ्यांसाठी एवढंच, की पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बघून फोन हातात देऊ नका. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसू द्या.

बहिणीसाठी पुन्हा फोन शोधला तेव्हा रिसेटचं नाव काढताच पहिल्या दोघांनी वेळ नाही म्हणून विषय संपवला. तिसऱ्या बाई मात्र पाऊण तास आमच्यासोबत बसल्या. पासवर्ड आठवेना म्हणून त्यांनी मुलाला फोन करून विचारला, खातं काढलं, रिसेट केला. होमस्क्रीन आल्यावर बहिणीने स्वतःच्या सिमवरून मला कॉल लावला, आणि मग आम्ही त्यांना पैसे पाठवले.