एफडीवरचं क्रेडिट कार्ड की दुकानातलं ईएमआय लोन? दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव

सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) नाही म्हणून कार्ड नाही आणि कार्ड नाही म्हणून सिबिल नाही, हा घोळ पहिल्या नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला माहितीये. माझं पण तेच. पगार खातं असलेल्या बँकेने साधं क्रेडिट कार्ड नाकारलं, कारण काय तर "इंटर्नल पॉलिसी". रिपोर्ट काढून बघितला तर स्कोअरच्या जागी नुसतं एनएच, म्हणजे हिस्टरीच नाही. (रिपोर्टला पैसे भरू नका, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो.) पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला फक्त जुना इतिहास नाही म्हणून नाकारू नका असं आरबीआयने बँकांना सांगितलंय आणि 2025 मध्ये सरकारने लोकसभेत पण तेच सांगितलं, पण काउंटरवर तुम्हाला कोणी "हिस्टरी नाही म्हणून नाही" असं लिहून देत नाही, ते पॉलिसीच म्हणतात.

मी नाशिकला, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात 28 हजार येतात, पगार 7 तारखेला. तारीख लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येतं. कॅडचा क्लास लावला होता आणि त्यासाठी लॅपटॉप हवा होता, साठवलेले होते 30 हजारच. बाबा म्हणाले पगारदार पतसंस्थेतून घेऊ, त्यांनी आयुष्यभर तिथूनच घेतलं, पण तिथे दोन जामीनदार लागतात आणि बाबा स्वतः एकदा दुसऱ्याला जामीन राहून हप्ते भरून बसलेत त्यामुळे मला कोणाच्या दारात जायचं नव्हतं. शिवाय बाबांचा रिपोर्ट काढला तर त्यात पतसंस्थेचं एकही कर्ज दिसेना. इतकी वर्षं वेळेवर फेडून त्या माणसाच्या नावावर काहीच नाही.

मग मी दोन गोष्टी केल्या. साठवलेल्या 30 हजारांची एफडी करून त्यावर कार्ड घेतलं, लिमिट 27 हजार, वार्षिक फी नाही. आणि लॅपटॉप दुकानातल्या फायनान्सवर घेतला. दोन्ही सोबत चालवलं म्हणून तुलना करता येतेय, नाहीतर लोक एकच वापरतात आणि दुसऱ्याला शिव्या घालतात.

दुकानातलं आधी सांगते कारण तिथे जास्त शिकायला मिळालं. कॉलेज रोडच्या एका दुकानात लॅपटॉपची किंमत 54 हजार, 9 हप्ते 6 हजारांचे, डाऊन पेमेंट नाही. "मॅडम झिरो आहे, एक रुपया व्याज नाही." मी विचारलं रोख दिले तर काय लावणार. आधी तो म्हणाला सेमच, मग मी उठायला लागले तर 51,500 वर आला. म्हणजे रोखवाल्याला अडीच हजार सूट आणि ती हप्तेवाल्याला नाही, म्हणजे तेच तुमचं व्याज, फक्त त्याला व्याज म्हणत नाहीत. वर प्रोसेसिंग फी 799. घरी येऊन एक्सेलमध्ये मांडलं तर हे "झिरो" वर्षाला साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास पडत होतं. आरबीआयने 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की झिरो टक्के स्कीममध्ये व्याज फीच्या नावाखाली लपवलेलं असतं, त्यामुळे हे काही नवीन नाही.

पण गंमत पुढे आहे. एका लोन ॲपवर मला 50 हजार 16 टक्क्यांनी मिळत होते, 12 महिने, हप्ता 4,537. ऐकायला दुकानाच्या आसपासच वाटतं ना? 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,180 कापूनच पैसे हातात येणार, आणि तो हिशोब धरला की खरा दर साडेवीसच्या वर जातो. म्हणजे खोटं बोलणारं झिरो खरं बोलणाऱ्या सोळापेक्षा स्वस्त पडलं. म्हणून दुकानवालं घेतलं. नो कॉस्ट म्हटलं की फसवणूक असं डोळे झाकून म्हणणारे पण चूक आणि फुकट समजणारे पण चूक, रोखीचा भाव विचारल्याशिवाय काहीच कळत नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रिटेल कर्जाला केएफएस नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात एपीआर म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. तो मागा. पण माझ्या केएफएसमध्ये एपीआर अगदी किरकोळ होता, कारण त्यात फक्त 799 धरले होते, दुकानदाराने न दिलेली सूट तिथे कशी येणार. तरी त्या कागदाचा एक मोठा फायदा झाला, त्यात 1,499 चा कसलातरी प्रोटेक्शन प्लॅन सापडला जो मला कोणी विचारलाच नव्हता. टेबलावरचा मुलगा म्हणाला "तो सिस्टीममध्ये येतोच, सगळे घेतात". मी म्हटलं मग सिस्टीममधून काढा, नाहीतर राहू दे. पाच मिनिटं मॅनेजरशी फोन आणि निघाला. बाजूला एक काका फ्रिज घेत होते, त्यांच्या कागदावर पण तेच होतं, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले जाऊ दे गं. जाऊ दे म्हणणाऱ्यांच्या जिवावरच ते टेबल चालतं.

आता तारखेचं. लोनचा हप्ता ऑटो कट होणार 5 तारखेला आणि माझा पगार 7 ला. तारीख बदलून द्या म्हटलं तर होत नाही म्हणे. त्यामुळे मी पहिल्याच महिन्यात एका हप्त्याचे 6 हजार दुसऱ्या खात्यात टाकले आणि मँडेट (ऑटो कटची परवानगी) त्या खात्याचं दिलं, म्हणजे कायम एक हप्ता पुढे. हे जमत नसेल तर 5 तारखेचं लोन घेऊच नका, कारण बाउन्स झाला की कंपनीचा चार्ज वेगळा, बँकेचा वेगळा, आणि रिपोर्टवर डाग तो वेगळाच. याउलट कार्डाची बिलिंग सायकल बदलून मागण्याचा हक्क आरबीआयच्या नियमातच आहे, मी एक रिक्वेस्ट टाकली आणि ड्यू डेट 12 च्या आसपास आली. पगार आला की बिल भरायचं, विषय संपला. मला विचाराल तर व्याजदराच्या आधी हे बघा. एवढ्या एका गोष्टीत कार्ड लोनच्या फार पुढे आहे.

बाकी गोष्टींत मात्र नाही. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि महिन्याला म्हणतात म्हणून ते छोटं वाटतं. आमच्या शिफ्टमधल्या एकाने लग्नात 50 हजार स्वाइप केले आणि दर महिन्याला मिनिमम ड्यू भरत बसला, म्हणजे साधारण 5 टक्के, 2,500. त्यातले 1,750 व्याज, त्यावर जीएसटी 315, म्हणजे 2,065 हवेत गेले आणि मुद्दल कमी झाली 435 ने. आणि मिनिमम भरलं की नवीन खरेदीवरचे बिनव्याजी दिवस पण जातात, हे त्याला माहितीच नव्हतं, तो त्याच कार्डावर पेट्रोल भरत होता आणि त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. एटीएममधून कार्डाने रोख काढली तरी तसंच, वर फी. पूर्वी ग्राहक आयोगाचा 30 टक्क्यांच्या वर व्याज लावू नये असा निकाल होता, तो पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यामुळे तिकडून कोणी वाचवायला येणार नाही.

म्हणून लॅपटॉपसारखी मोठी वस्तू, जी पुढच्या पगारात फिटणार नाही, ती कार्डावर नाहीच. कार्डावरच ईएमआय करून मिळतो, पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, साध्या लोनच्या व्याजावर लागत नाही. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही.

रोजच्या वापराला कार्ड कसंय तर मस्त आहे. रुपे असल्यामुळे युपीआयला जोडलं, किराणावाल्याच्या क्यूआरवर पण चालतं. तोटा पण तोच, कारण मिसळ आणि चहा पण उधारीवर व्हायला लागतो आणि महिन्याअखेर स्टेटमेंटमध्ये 40-40 रुपयांच्या एवढ्या ओळी येतात की वाचवत नाही. मी शेवटी त्याच्यावर फक्त पेट्रोल, मोबाईल रिचार्ज, लाईट बिल आणि किराणा ठेवला. रिवॉर्ड पॉइंट्सचं कौतुक करणाऱ्यांना माझा नमस्कार, या कार्डावर ते नावाला आहेत.

स्कोअरचं काय झालं? साधारण सहा महिन्यांनी पहिल्यांदा आकडा दिसला, सातशेच्या वर होता. नंतर एका महिन्यात भावाचं ॲडमिशनचं सामान घेतलं, 27 पैकी 22 हजार वापरले, सगळे वेळेवर भरले तरी स्कोअर उतरला, कारण स्टेटमेंट बनतं तेव्हा लिमिटच्या किती टक्के वापरलंय ते पुढे कळवलं जातं. तेव्हापासून जास्त खर्च झाला तर स्टेटमेंट यायच्या आधीच थोडे भरून टाकते, 30 टक्क्यांच्या आत ठेवते, पुढच्या महिन्यात परत वर आला. 2025 मध्ये बँका सिबिलसारख्या कंपन्यांना पंधरवड्याला माहिती पाठवायला लागल्या त्यामुळे चांगलं वाईट दोन्ही लवकर दिसतं. आणि एफडी आहे म्हणून थकवलं तरी चालेल असं समजू नका, बँक एफडी मोडून वसूल करते आणि रिपोर्टमध्ये पण लिहिते. एफडीवर व्याज मात्र चालू राहतं, फक्त कार्ड बंद केल्याशिवाय ती मोडता येत नाही.

लोन संपल्यावर एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) मागून घेतली, आपोआप आली नाही, दोनदा मेल करावा लागला, आणि रिपोर्टमध्ये क्लोज्ड दिसतंय याची खात्री केली. संपल्यापासून त्या फायनान्स कंपनीचे पर्सनल लोनसाठी फोन सुरू झालेत, जेवायच्या सुट्टीत हमखास. हप्ते चालू होते तेव्हा कस्टमर केअरला फोन लागत नव्हता.

तर मला विचारलं तर पहिलं एफडी कार्ड, तेही 15-20 हजारांत भागतं, आणि लोन फक्त एखाद्या ठरलेल्या वस्तूसाठी, रोखीचा भाव माहीत असताना. ज्याला स्टेटमेंट पूर्ण भरायची सवय लागेल असं स्वतःबद्दल वाटत नाही त्याने उलट करावं, आधी लोन, कारण ते निदान संपतं तरी.

आता ज्या बँकेने नाकारलं होतं तिनेच विनाएफडीचं कार्ड देऊ केलंय, लिमिट 90 हजार, फी 999 अधिक जीएसटी. नाही घेतलं. दिवाळीनंतर स्कूटीसाठी लोन काढायचंय, तेव्हा रिपोर्टवर उगाच नवी इन्क्वायरी (बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद) नको, आणि यावेळी पहिला प्रश्न हप्त्याची तारीख 10 च्या पुढे देता का हाच विचारणार आहे. नाशिकमध्ये कोणाला दिली असेल तर सांगा.