‘पॉवर्स ऑफ ग्रेस्कल’ची कागदं : वर्षभराच्या वापरानंतर (आणि त्या पिशवीबद्दल)

ऑगस्टमध्ये खेळण्यांच्या जुन्या रेखाचित्रांची फाइल उघडली, तर ही-रो या पात्राचं पान प्लास्टिकच्या पिशवीला चिकटलेलं होतं. अलगद सोडवलं. कागद सुटला, पण डाव्या कडेच्या हस्तलिखित सूचना आणि काठीची अर्धी रेघ पिशवीवरच राहिली. तेव्हापासून हा अनुभव लिहायचा होता.

दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेल्या आणि लिओ-मॅटेलच्या बाहुल्यांनी खेळलेल्या मंडळींना मालिकेची ओळख करून द्यायला नको. ‘पॉवर्स ऑफ ग्रेस्कल’ हा अमेरिकी खेळणी कंपनी मॅटेलचा, ही-मॅनच्या खेळण्यांत नवी भर घालण्याचा १९८७ चा बेत. ही-मॅनचं जग असलेल्या इटर्नियाचा आदिकाळ, यांत्रिक डायनासोर आणि ही-मॅनचा पूर्वज ही-रो. टायरँटिसॉरस रेक्स, बायोनाटॉप्स आणि टर्बोडॅक्टिल हे तीन डायनासोर दुकानांत आले. टायटस आणि मेगाटर हे दोन महाकाय योद्धे युरोपात थोडेफार विकले गेले. ही-रो आणि त्याचा गुरू एल्डॉर मात्र मॅटेलच्या कॅटलॉगमध्ये छापून येऊनही त्या काळी बाजारात आलेच नाहीत. सोबतची छोटी चित्रकथा तीन भागांची होती, त्यातला पहिलाच भाग खेळण्यांबरोबर मिळाला. कारण पैशांचं होतं. मॅटेलचे तेव्हाचे डिझायनर रॉजर स्वीट यांनी सांगितल्यानुसार ही-मॅनची अमेरिकेतली विक्री १९८६ मधल्या सुमारे ४० कोटी डॉलरवरून १९८७ मध्ये ७० लाखांवर आली. एवढ्या पडझडीत नव्या साच्यांवर कोण खर्च करणार?

म्हणून या मालिकेत कागद हीच खरी वस्तू आहे. मूळ मार्करची चित्रं किंवा रेझिनचे नमुने माझ्या आवाक्याबाहेरचे. मी घेतो ती त्या काळातली झेरॉक्स पानं, विक्रेत्यांसाठीचे कॅटलॉग आणि ती चित्रकथा. झेरॉक्स म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण खेळणं तयार होताना एकच रेखाचित्र अनेक टेबलांवर फिरतं आणि प्रत्येक प्रतीवर कुणीतरी पेनाने काही लिहितं. खोडलेला रंग, बदललेलं माप, ‘हे महाग पडेल’ अशा अर्थाची खूण. तयार खेळण्यात हा वाद दिसत नाही, इथे समोर असतो. मला तोच हवा असतो.

आता पिशवीबद्दल. विक्रेता परदेशातला, नाव देत नाही. त्याने जाहिरातीत ‘संग्रहालय दर्जाचं वेष्टन’ असं लिहून त्याचे वेगळे पैसे लावले होते. निघाली मऊ पीव्हीसीची पिशवी, नव्या रेक्झिनसारखा वास येणारी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि झेरॉक्सचा टोनर मऊ करतं. टोनर म्हणजे मुळात कागदावर उष्णतेने बसवलेली प्लास्टिकची भुकटी, ती मग पिशवीला धरते. आमच्या डोंबिवलीतल्या उकाड्याने त्याला मदतच केली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘शेवटी ती कॉपीच आहे.’ या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. त्या पानाच्या किती प्रती उरल्या असतील, हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. बऱ्याच मेलांनंतर त्याने वेष्टनाचे पैसे परत केले, पानाचे नाही.

पीव्हीसी ओळखायची सोपी युक्ती आहे. तांब्याची तार गॅसवर लाल करा, ती पिशवीच्या कोपऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की आत क्लोरीन आहे. धूर वाईट असतो, म्हणून हे खिडकीशी करा आणि कागद आधी दुसऱ्या खोलीत ठेवा.

मी सगळं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत हलवलं. एका पाकिटाच्या किमतीत स्टेशनरीच्या दुकानात डझनभर साधी पाकिटं येतात. आधी ही चैन वाटायची, आता वाटत नाही. दोन बाजू उघड्या असलेलीच पाकिटं घ्या. चारी बाजू बंद केल्या तर पावसाळ्यातली ओल आतच अडकते.

पण दोन महिन्यांनी मत थोडं बदलावं लागलं. पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते आणि ती पेन्सिलची सुटी भुकटी ओढून घेते. माझ्याकडे एका पानावर पेन्सिलने छटा दिलेली आहे आणि पाकिटाच्या आतल्या बाजूला करडा पट्टा दिसायला लागला. ते पान आता आम्लविरहित कागदाच्या घडीत आहे. म्हणजे टोनरसाठी पॉलिएस्टर आणि पेन्सिलसाठी कागद. ‘सगळ्यासाठी एकच’ म्हणून काहीही विकलं जात असेल तर घेऊ नका.

बनावट पानांबद्दल थोडक्यात. तिरप्या उजेडात पाहा. टोनर कागदाच्या वर किंचित उठलेला आणि चकचकीत दिसतो, इंकजेटची शाई कागदात मुरलेली असते. जुन्या कागदावर नवीन इंकजेट छापलेली दोन पानं मी यावरूनच परत पाठवली.

आनंदाची गोष्टही सांगतो. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी मॅटेलने ‘क्लासिक्स’ मालिकेत ही-रोची बाहुली खरोखर काढली. मित्राकडची ती मागून आणली आणि एका संध्याकाळी माझ्या पानांशेजारी ठेवली. बावीस वर्षं थांबलेलं पात्र उभं होतं आणि बाजूला त्याचं कुणीतरी खोडलेलं, पुन्हा काढलेलं रूप. मी जेवायला उठलोच नाही. बाहुली बघून पानांची किंमत माझ्या लेखी वाढली.

एल्डॉरची पानं अजून मिळायची आहेत, आणि ती त्याच विक्रेत्याकडे आहेत. घेणार त्याच्याकडूनच, पण पैसे पाठवण्याआधी पाकीट कशाचं आहे हे त्याच्याकडून लेखी घेईन.