मुलांचं डीएनए वर्कशॉप, कॉलेज रोड: स्ट्रॉबेरी झकास, जिभेवरून मात्र घरात भांडण

गेल्या रविवारी लेकाला (वय ९, चौथी) घेऊन नाशिकच्या कॉलेज रोडला एका हॉबी क्लासच्या डीएनए वर्कशॉपला गेले होते. दोन तास, फी ४५० रुपये, पंधरा-सोळा पोरं. क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि शिकवणारी ताई खरंच जीव तोडून शिकवत होती, तिच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये.

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढायचा प्रयोग एक नंबर. थंडीत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी आपल्याकडे मिळतेच, ती झिपच्या पिशवीत घालून पोरांनी मनसोक्त चुरली, त्यात भांड्याचं लिक्विड, चिमूटभर मीठ, थोडं पाणी, मग गाळून वरून हळूच थंड स्पिरिट. पेशीची आवरणं चरबीची असतात, ताटाचं तूप साबणाने निघतं तशीच ती फुटतात हे ताईने मस्त सांगितलं, आणि डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही म्हणून पांढरे धागे होऊन वर येतो. स्ट्रॉबेरीच का, तर आपल्या पेशीत क्रोमोसोमचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) २ संच आणि तिच्यात ८, त्यामुळे माल भरपूर निघतो.

फक्त त्यांचं स्पिरिट कोमट झालं होतं, बर्फ आधीच वितळलेला, आमच्या ट्यूबमध्ये नुसता धुरकट थर. मग घरी मेडिकलमधून स्पिरिट आणून घट्ट झाकण लावून रात्रभर फ्रीजरला ठेवलं आणि सकाळी परत केलं, टूथपिकला गुंडाळून वर काढलं तर कार्टं ओरडलं "आई, शेंबूड!!" आता आमच्या घरात डीएनएला शेंबूडच म्हणतात.

मण्यांचं ब्रेसलेट पण केलं, डीएनएच्या चार अक्षरांचं: ए समोर टी, सी समोर जी. बरं होतं, दोन दिवसात तुटलं.

आता तक्रार. जीभ नळीसारखी वळवता येते की नाही याचा तक्ता भरून घेतला आणि सांगितलं की हे एकाच जीनवर (डीएनएच्या एका तुकड्यावर) असतं, येणारा जीन डॉमिनंट, म्हणजे पोराला येत असेल तर आई-बाबांपैकी एकाला तरी यायलाच हवं. आमच्या दोघांची जीभ वळत नाही, लेकाची वळते. त्या हिशोबाने हे शक्यच नाही!! रात्री जेवताना सासूबाईंसमोर विचारतो, "मग मी कोणाचा?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. अहो, १९४० मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या शास्त्रज्ञाने हे मांडलं होतं आणि १९६५ मध्ये त्यानेच लिहिलं की हे अजून पुस्तकात बघून मला लाज वाटते. अगदी सारख्या जुळ्यांमध्येही एकाला येतं, एकाला नाही. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, याचं पण तसंच, एका जीनवर नसतं, तेही त्या तक्त्यात होतं.

आणि एक चान्स घालवला. लेकाने विचारलं, बिनबियांच्या द्राक्षाला पोरं कशी होतात? ताई "छान प्रश्न" म्हणून मेंडेलच्या (आनुवंशिकतेचे नियम शोधणारा) वाटाण्यांकडे गेली. नाशिकमध्ये बसून! घरी सासऱ्यांनी (पिंपळगावला बाग आहे) दोन मिनिटात मिटवलं. "अरे, डॉगरिज जातीच्या खुंटावर बिनबियांच्या थॉमसनची काडी भरायची, म्हणजे कलम करायचं. मुळं डॉगरिजची, घड थॉमसनचा. बी लागतंच कशाला?" लेक थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "म्हणजे आजोबा, अख्ख्या बागेत एकच शेंबूड?" हो रे बाबा, खुंटाचा सोडला तर एकच, सगळ्या काड्या एकमेकींच्या नकलाच.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या बॅचला जाणार असाल तर स्पिरिट गार आहे का ते आधी विचारा, पार्किंगसाठी वीस मिनिटं लवकर निघा, आणि तो जिभेचा तक्ता आला की पोराला पाणी प्यायला बाहेर न्या.