पाच खणांचं प्लास्टिकचं कपाट : सगळं बरं, फक्त खण थांबत नाही

पाच खणांचं, खाली चाकं असलेलं प्लास्टिकचं कपाट म्हटलं की कुठलं ते पोरंबाळं असलेल्या घरात सांगावं लागत नाही. त्यामुळं लांबी-रुंदी, रंग वगैरे लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की खाली 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' असं छापील उत्तर येतं आणि ते वाचून डोकं आणखी फिरतं.

माझी तक्रार एकच. या कपाटाचा खण थांबत नाही. ओढला की येतो, येतो आणि अख्खा हातात येतो.

खण मागं अडावा म्हणून त्याच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना मुगाच्या दाण्याएवढे उंचवटे दिलेत. बस्स. नवीन होतं तोवर अडायचा. पण खणात थोडं वजन पडलं की प्लास्टिक हळूहळू वाकतं. हे पॉलिप्रोपिलीन आहे, तळाशी त्रिकोणात 5 आकडा असतो बघा. त्याच्यावर सतत भार राहिला की ते त्याच आकारात बसतं, भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. खणाच्या पोटाला फुगवटा आला, कडा आत ओढल्या गेल्या आणि ते दोन दाणे कुठं टेकेनातच. बाकी सांगाडा ठणठणीत. दोन हजार आठशे रुपयांची वस्तू त्या दोन दाण्यांनी कामातून घालवली.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं, दोन खोल्यांचं. पोरगा चौथीत, धाकटी अजून बालवाडीत. सामान किती? गेल्या वर्षीच्या वह्या, ज्यांची मागची पानं कोरी आहेत म्हणून मी टाकू देत नाही. प्रोजेक्टचा उरलेला थर्माकोल. पाटाकडील या इथल्या फुटबॉल संघाचा झेंडा. आणि किल्ल्याचं सामान. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं दर दिवाळीला थोडे थोडे मावळे आणलेले, एकेक पेपरात गुंडाळून ठेवलेले. मातीचे असल्यामुळं वजन लागतं. तर तो मावळ्यांचा खण धाकटीनं ओढला आणि सगळा खाली. पाय थोडक्यात वाचला. तोफेचं तोंड फुटलं, दोन मावळ्यांच्या ढाली गेल्या. पोरगा दिवसभर जेवला नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पत्र्याची ट्रंक घे म्हणत होते की नाही मी?"

ढाली फेव्हिकॉलनं चिकटल्या. पण पाय वाचला नसता तर? अशी कपाटं पोरांच्या अंगावर येणं ही मोठी गोष्ट आहे. 2016 मध्ये आयकियानं एकट्या अमेरिकेत जवळजवळ 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती, कारण पोरं खण ओढून वर चढायची आणि कपाट पुढं कलंडायचं. दोन-तीन खण एकदम बाहेर आले की भार सगळा पुढं जातो, एवढं साधं आहे. कपाट भिंतीला पट्टीनं आवळून टाका म्हणतात. आमची भिंत मातीची, खिळा ठोकला की पाटीभर माती गळते. म्हणून बूट, बॉल, जाड पुस्तकं सगळ्यात खालच्या खणात आणि वर नुसते कपडे, असा कायदा केला.

मग कस्टमर केअर. आधी बिल पाठवा, मग व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला तर, "मॅडम, यात खण नीट दिसतोय." दिसणारच की, तो हातात आहे माझ्या! शेवटी उत्तर आलं की वॉरंटी फक्त सांगाड्याला, खण हा 'वापराने झिजणारा भाग'. ज्या वस्तूचं काम उघडणं-मिटणं आहे ती उघडून-मिटून झिजली तर आमची चूक! मी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा आवाज एकदम मऊ झाला आणि एक खण फुकट आला. हिरवा. कपाट गुलाबी. आणि दाणे तेच, तेवढेच.

इथंवर मी एक स्टारच देणार होते. पण मधे पावसाळा गेला, आणि त्याचं श्रेय न देणं बरोबर नाही. आषाढ-श्रावणात आमच्या भिंती पाझरतात. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की समजायचं, घरात महिनाभर काहीही वाळणार नाही. लाकडी कपाटातल्या दुपट्यांना बुरशीचे ठिपके पडले, शाळेच्या दप्तराला वास आला. या कपाटातले कपडे मात्र कोरडे राहिले. डांबरगोळ्या मी घालत नाही. काही बाळांना रक्ताचा उपजत दोष असतो, त्यांना त्या वासानंही अपाय होतो, म्हणून बाळाच्या कपड्यांत त्या नकोतच. खालची जमीन पुसायला कपाट एका हातानं सरकतं. चाकांना मी खर्चाचं सोंग म्हणत होते, ते शब्द मागं घेते.

आणि खण? तो शिवाजी उद्यमनगरात सुटला. आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. त्यांनी खण उलटा-पालटा केला, हसले, आणि नायलॉनच्या रॉडचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून, भोक पाडून, आतनं स्क्रूनं बसवून दिले. आता खण पाऊण बाहेर येतो आणि टक् करून थांबतो. पैसे विचारले तर, "वहिनी, ह्याचं काय घ्यायचं? चहा पाजा." इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या गावात हे काम होतं; कंपनीच्या डिझाईनवाल्याला हे सुचू नये?

घेणार असाल तर दुकानातच खण पूर्ण ओढून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेना का. खण कोपऱ्यांना धरून पिळा, पिळला गेला तर ठेवून या. खिडकीच्या उन्हात उभं करू नका, प्लास्टिक तडकतं. आणि लहान झालेले कपडे भरायला तर अजिबात घेऊ नका. ते दिवाळीत माणुसकीच्या भिंतीवर, म्हणजे गरजूंसाठी जुने कपडे ठेवतात तिथं, देऊन टाका, निम्मं कपाट तिथंच रिकामं होतं.

तीन स्टार. त्यातला एक लेथवाल्यांचा. परवापासून एका चाकात केस गुंतून ते फिरेनासं झालंय. कंपनीला पुन्हा व्हिडिओ पाठवायचा दम माझ्यात नाही, रविवारी यांना कपाटासकट उद्यमनगरात धाडते.